नि रोगी

थेंबेबाईंचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते हजेरी घेणाऱ्यालासुद्धा चटकन आठवत नसे. तेलाचे थेंब फोडायचे, फोडलेले पुन्हा फोडायचे, आणि डोळ्याला दिसेनासे होईपर्यंत फोडतच राहायचे, हा त्यांचा धंदा. म्हणून थेंबेबाई. नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण बसलं ते बसलंच. नवरासुद्धा चिडला की त्याच नावानं हाक मारी.

बाई उपजत भित्र्या. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कानात बोटं घालणाऱ्या. जिन्यातला दिवा गेला तर आहे त्या पायरीवर बसून राहणाऱ्या. दाराची कडी वाजली की आधी फटीतून डोळा, मग दार. लहानपणी एकदा कशाला तरी दचकली आणि तेवढंच दचकणं जन्मभर पुरवून वापरतेय, असं त्यांची धाकटी जाऊ म्हणे. आणि अशा बाईच्या वाट्याला काम काय यावं? तर अख्ख्या इमारतीतल्या सगळ्यात भयंकर यंत्राचं. तेल आणि पाणी केसाहून बारीक फटीतून जबर दाबानं रेटून बाहेर काढणारं ते यंत्र. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं. कामगार त्याला ‘सासू’ म्हणत. तिच्यात जे जाई ते पिळूनच बाहेर येई, आणि आवाजही तसाच, दिवसभर एका सुरात कुरकुर. थेंबेबाई सासूच्या समोर कधी उभ्या राहिल्या नाहीत. कडेला, भिंतीला पाठ लावून, एक पाऊल दाराकडं वळवून राहायच्या. ‘उडालंच काही तर पळता यावं,’ म्हणायच्या. इतक्या वर्षांत काही उडालं नाही, पण पाऊलही सरळ झालं नाही.

आता तेल आणि पाणी यांचं कधी पटलंय? एका भांड्यात घाला, ढवळा, हात थांबला की एक वर, एक खाली, दोघांची तोंडं दोन दिशांना. त्यांना एका घरात नांदवायचं तर मध्ये तिसरा लागतो, ज्याचा एक हात तेलाच्या खांद्यावर आणि दुसरा पाण्याच्या. त्या पदार्थाला तिथं सगळे ‘दलाल’ म्हणत. करडईचं आणि जवसाचं तेल घ्यायचं, पाणी घ्यायचं, दलाल घालायचा आणि सगळं सासूच्या तोंडी द्यायचं. पहिल्या फेरीला बाहेर येई ते दुधासारखं पांढरंफेक. मग पुन्हा आत, पुन्हा बाहेर. हळूहळू पांढरेपणा उतरे आणि शेवटी काचेच्या भांड्यात धुक्यासारखं निळसर झाकेचं पाणी उरे. तेल कुठं गेलं म्हणाल, तर ते तिथंच. थेंब तेवढा इतका बारीक झालेला की उजेडालाही त्याच्यावर ठेचकाळता येऊ नये. हाताला लावलं की चिकटत नसे, डाग पडत नसे. तहानेल्या माणसासारखी कातडी ते पिऊन टाकी.

हे पाणी दोन तऱ्हेचं बने. निरोगी कातडीसाठी एक आणि रोगी कातडीसाठी दुसरं. त्यात गल्लत होऊ नये म्हणून मॅडम डोळ्यांत तेल घालून बसत. मॅडम म्हणजे ही पाण्यं शोधून काढणाऱ्या, साऱ्या प्रयोगशाळेच्या मुख्य. शिकलेल्या, कडक, पण सांगायला बसल्या की लहान पोरालाही कळावं असं सांगत.

‘निरोगी कातडी म्हणजे पक्की भिंत,’ त्या म्हणत. ‘तिच्यातून तेल आत जायचं तर दलाल सढळ लागतो, शिवाय आत ढकलणारं आणखी एक औषध लागतं. रोगी कातडीची भिंत आधीच पडलेली. तिथं हेच पाणी लावलं तर दलाल आत घुसतो आणि कातडीचं स्वतःचं होतं नव्हतं तेल घेऊन बाहेर येतो. वर आग आग होते ती वेगळीच. धडधाकट माणसाला यातलं काही कळणारही नाही.’

मॅडमना ध्यास एकच. दोन पाण्यांचं एक करायचं, निरोगी नि रोगी दोघांनाही चालेल असं. ‘निरोगी नि रोगी, निरोगी नि रोगी,’ असं त्या येता-जाता पुटपुटत. भांडी धुणाऱ्या बायका म्हणत, मॅडमच्या घरी नवऱ्यालाही आता ते पाठ झालं असेल.

थेंबेबाईंच्या घरी हा रोग पाटावर बसलेला होता. धाकट्या जावेच्या पायांना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जुनाट कोरड. पापुद्रे सुटत. खाजवून खाजवून चिरा पडत, थंडीत चिरांतून रक्त दिसे. चादर झटकली की पीठ सांडल्यासारखं पडे. दवाखाने झाले, मलमं झाली, कुणी सांगितलेले पाले झाले. पायांची सालं निघाली, जिभेचं मात्र एक साल निघालं नाही.

‘ताई, दुनियेच्या कातडीची सेवा करतेस तू,’ ती म्हणे. ‘आमची कातडी काय सावत्र आहे?’

‘अगं, ते अजून बाजारात यायचंय. बाहेर न्यायला बंदी आहे.’

‘बंदीचं नाव कशाला सांगतेस? बंदी नसती तरी आणलं नसतंस. तुला तुझ्या सावलीची भीती.’

थेंबेबाई हसून सोडून देत. पण भिंतीपलीकडून जावेच्या खाजवण्याचा खर्र खर्र आवाज येई, तो काही केल्या कानातून जात नसे.

त्या आठवड्यात लेबलं छापायचं यंत्र बिघडलं. म्हणून पलीकडच्या खोलीत नव्यानं लागलेल्या एका गृहस्थाला हातानं लेबलं लिहायला बसवलं. पाळी संपताना थेंबेबाई भांडी ठेवायला तिकडं गेल्या. अर्धवट भरली म्हणून बाजूला काढलेल्या बाटल्यांच्या ट्रेमध्ये त्यांना एक बाटली दिसली. लेबलाच्या डाव्या अंगाला तेलाचा बोटभर डाग पसरलेला आणि डागाच्या पुढं टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘नि रोगी’.

थेंबेबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. डागाखाली कोणता शब्द बुडाला असणार हे सांगायला ज्योतिषी थोडाच हवा होता? निरोगी नि रोगी! म्हणजे मॅडमनी केलं तर! कुणाला कळू न देता केलं आणि जमलंही!

एक शब्द विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण विचारायला गेलं की बाटली मागावी लागणार, मागितली की मॅडम नाही म्हणणार, आणि त्यांच्या नजरेला नजर देऊन उभं राहावं लागणार. त्यापेक्षा पदर बरा. बाटली पदराआड गेली.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सहज विचारलं, ‘काय बाई, एवढा घाम?’

‘सासू तापलीय आज,’ थेंबेबाई म्हणाल्या आणि आपल्याच आवाजाला दचकल्या.

घरी जावेच्या हातात बाटली ठेवली तेव्हा ती डोळे विस्फारून बघतच राहिली. ‘चोरलीस? तू? ताई, आज दृष्ट काढायला हवी तुझी!’

‘हळू बोल, बाई! आणि थोडंच लाव आधी.’

‘थोडं लावायला काय अत्तर आहे? उद्या अंघोळ झाली की मस्त चोपडते.’

दुसऱ्या दिवशी थेंबेबाई कामावर निघाल्या तेव्हा जाऊ पाणी तापवत होती. कधी नव्हे ती गुणगुणत होती.

कारखान्यात सकाळच्या चहाला सगळे खोलीत जमले आणि हशा उसळला. दारावर नवा कागद चिकटवलेला. लेबलवाल्या गृहस्थालाच कुणीतरी लिहायला सांगितला होता. ‘नि घताना दिवे बंद करा.’

‘नि घताना?’ बाटल्या भरणारी बाई मोठ्यानं वाचत होती. ‘म्हणजे आणि घताना? ही घताना कोण रे बाबा? तुझी मेहुणी का?’

लेबलवाला ओशाळून हसला. ‘निघताना आहे हो ते. माझी खोडच आहे. अक्षरांवरची रेघ एका दमात ओढत नाही मी. पहिल्या अक्षरावर ओढतो, हात उचलतो, मग पुढं जातो. शाळेत मास्तरांनी पुष्कळ बदडलं, पण गेली नाही.’

‘मग बाटल्यांवरही असंच लिहितोस?’

‘असंच. पण एकच शब्द तर आहे. वाचणाऱ्याला कळतो की. कालपासून नुसती निरोगीचीच लिहितोय. रोगीच्या बाटल्या अजून भरायच्यात.’

सगळे पुन्हा हसले. थेंबेबाईंनी भरलेला कप तसाच खाली ठेवला. डागाखाली शब्द नव्हताच. नुसता डाग होता. ‘नि’ म्हणजे ‘आणि’ नव्हे, निरोगीतलाच ‘नि’. सढळ दलालाचं, आत ढकलणाऱ्या औषधाचं पाणी. आणि घरी जावेची अंघोळ.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला. दर वाजण्यागणिक त्यांना चिरांमध्ये उतरणारं निळसर पाणी दिसत होतं. नवरा गाडीवर, दीर पाळीवर, शेजाऱ्यांचा नंबर कधी घेतलाच नव्हता, कारण मागायचा संकोच. भिंतीला धरून त्या मॅडमच्या खोलीपर्यंत पोचल्या. दार न वाजवता आत गेल्या, हे आयुष्यात पहिल्यांदा.

‘मॅडम, जाऊ... पाय... मी नि वाचलं...’

‘काय वाचलं? बसा आधी. कुणाच्या पायाला काय झालं?’

बोबडी वळलेल्या त्या तोंडातून मॅडमनी एकेक शब्द ओढून काढला. चोरी कळली, तेव्हा त्यांच्या कपाळावर शीर उठली. जावेच्या पायांचं कळलं, तेव्हा त्या उभ्याच राहिल्या.

‘चिरा आहेत? रक्त येतं?’

थेंबेबाईंनी मान हलवली.

‘चोरीचं नंतर बघते. पत्ता सांगा. चला.’

रस्ता नेहमीचाच, पण त्या दिवशी साऱ्या गावाला तिथंच काम निघालेलं. एका चौकात खोदून ठेवलेलं, दुसऱ्या चौकात एक ट्रक आडवा. मॅडम हॉर्नवर हात ठेवून गाडी हाकत होत्या. थेंबेबाई मांडीवर फोन घेऊन बसलेल्या. फोन वाजत होता, पलीकडं कुणी उचलत नव्हतं. आता त्यांच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. पडली असेल. मोरीत पडली असेल. धाकट्याला काय सांगायचं? तुझ्या बायकोला मी माझ्या हातानं विष दिलं, म्हणून?

‘मॅडम, मरतं का हो माणूस यानं?’

‘मरत नाही,’ मॅडम म्हणाल्या. आणि खोटं बोलणं त्यांना जमत नसे म्हणून लगेच पुढं, ‘पण चिघळलं तर फार वाईट होतं. किती लावलं असेल?’

‘ती हात आखडून काही करत नाही हो.’

दार नुसतं लोटलेलं होतं. आत, मोरीच्या उंबऱ्याशी, साडी गुडघ्यांवर सारून जाऊ पाटावर बसली होती. दोन्ही पाय पुढं पसरलेले, लालभडक, जणू आत्ताच कुणी उकळतं पाणी ओतलंय. चिरांच्या कडांना पाणी सुटलेलं. बाटली शेजारी आडवी, रिकामी. फोन खुंटीवरच्या पिशवीत वाजून वाजून थकलेला. आणि जाऊ? डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि तोंडभर हसू.

‘आलीस, ताई? हात गुंतलेले, म्हणून फोन घेतला नाही गं. काय झोंबतंय म्हणून सांगू! मघाशी तर जीव जातोय असं वाटलं. म्हटलं, एवढं झोंबतंय म्हणजे लागू पडलं! म्हणून दुसरा हात दिला. मग तिसरा.’

थेंबेबाईंनी दाराची चौकट धरली.

मॅडम बाह्या सरसावून खाली बसल्या. बादलीतलं पाणी कोमट आहे का ते कोपर बुडवून बघितलं आणि तांब्यानं पायांवर हळूहळू सोडायला लागल्या.

‘अहो, धुताय काय!’ जाऊ ओरडली. ‘आत्ता कुठं गुण यायला लागलाय! कोण तुम्ही? ताई, ही बाई कोण? सांग ना हिला!’

‘धुऊ दे,’ थेंबेबाई कशाबशा म्हणाल्या. ‘ते तुझ्यासाठी नव्हतं.’

जावेचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव निघून गेला. ती आधी पायांकडं बघायला लागली, मग थेंबेबाईंकडं. आवाज एवढासा झाला.

‘ताई, काय दिलंस मला?’

पुढं थेंबेबाईंना दिवसरात्र तो प्रश्न ऐकू येई.

कातडीच्या डॉक्टरांनी पाय बघून ‘च्च’ केलं. मॅडमनी पाण्यात काय काय होतं ते सगळं सांगितलं, एक वस्तू लपवली नाही. औषधं दिली, पट्ट्या बांधल्या. तरी दुसऱ्या दिवशी पाय सुजून खांबासारखे झाले. फोड आले, फुटले. एका चिरेत पू धरला आणि तापानं जाऊ बडबडायला लागली. डॉक्टर म्हणाले, ‘पू वर सरकला तर दवाखान्यात ठेवावं लागेल. लाल रेघ गुडघ्याच्या वर चढतेय का, त्यावर नजर ठेवा.’

थेंबेबाईंनी नजर ठेवली. नजर ठेवली म्हणजे काय, तिथून हललीच नाही. पट्टी सोडली की त्या खाली वाकून रेघ शोधत आणि शोधताना श्वास घ्यायचं विसरत. उजेड पुरेना म्हणून खिडकी उघडत, वारा लागेल म्हणून लावून घेत. दीर पाळीवरून येई, ताट वाढलं की जेवे आणि उठे. बाईंना ते शिव्यांहून जड गेलं. त्या दिवसांत कुकरच्या शिट्टीला त्या एकदाही दचकल्या नाहीत. दचकायला आत जागाच उरली नव्हती.

रेघ गुडघ्याखाली थांबली. ताप उतरला. जाऊ शुद्धीवर आली ती पाणी मागतच. थेंबेबाईंनी पेला पुढं केला. जावेनं तो आधी नाकाशी नेला.

‘पाणीच आहे गं,’ थेंबेबाई म्हणाल्या.

‘असेल,’ जाऊ म्हणाली आणि मग प्याली.

कितीतरी दिवस हेच चाललं. बोलणं नेहमीसारखं, टोमणेही नेहमीसारखे, पण थेंबेबाईंच्या हातून काहीही घेतलं, चहा असो की साबण, आधी नाकाशी. भांडण झालं असतं तर बरं, असं थेंबेबाईंना वाटे.

कारखान्यात मॅडमनी वरच्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. बाटली बाहेर गेली हेही, आणि लेबल दोन तऱ्हांनी वाचता येत होतं हेही. थेंबेबाईंची नोकरी राहिली, पण सासूपासून त्यांना दूर केलं आणि बाटल्या धुवायला बसवलं. लेबलांवरचे शब्दही बदलले. आता ‘धड’ आणि ‘फुटकी’ असं लिहितात. पहिल्याच दिवशी बाटल्याच फुटक्या समजून एकानं अख्खी रांग कचऱ्यात काढली, पण त्याची कथा वेगळी.

पाय बरे झाले म्हणजे काय, पूर्वीइतके वाईट झाले. तेच पापुद्रे, तीच खाज. आणि तशात एक दिवस डॉक्टरांनी जावेला बोलावलं. रोगी कातडीसाठीचं खरं पाणी तयार होऊन, तपासून, परवानगी घेऊन त्यांच्याकडं आलं होतं. तयार असाल तर आधी छोट्या जागेवर लावून बघू, म्हणाले. दीर म्हणाला, नको. थेंबेबाईंचा नवरा म्हणाला, नाव काढू नका. जाऊ रात्रभर खाजवत राहिली आणि सकाळी म्हणाली, ‘जाते. पण ताई बरोबर हवी.’

दवाखान्याच्या खोलीत पांढरी चादर घातलेला बाक, एक स्टूल, एक खिडकी. नर्सनं हातमोजे चढवले आणि बाटली उघडली.

‘तुम्ही नाही,’ जाऊ म्हणाली. ‘हिला लावू दे.’

थेंबेबाई दोन पावलं मागं सरल्या. ‘मी? वेड लागलंय का तुला? माझा हात नाही धजायचा.’

‘म्हणूनच. या बाई धीट आहेत. बोलता बोलता भसकन ओततील. तू भिऊन भिऊन लावशील.’

डॉक्टरांनी हसू दाबलं आणि मान हलवली. नर्सनं दुसरे हातमोजे दिले. थेंबेबाईंना ते धड चढवता येईनात, एका बोटात दोन बोटं जात होती. पोटरीवर डॉक्टरांनी पेनानं छोटं वर्तुळ काढून दिलं. थेंबेबाईंनी बाटली इतकी जपून तिरकी केली की थेंब तोंडाशी येऊन लोंबत राहिला, पडेना. पडला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

‘उघड डोळे. वर्तुळाबाहेर जाईल,’ जाऊ म्हणाली. बाकाची कड तिनं दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

थेंबेबाईंनी करंगळीच्या टोकानं थेंब पसरला. कातडी निळसर चमकली आणि कोरडी झाली.

‘झोंबतंय?’

‘नाही.’

‘खरं सांग. खोटं बोलू नकोस.’

‘गार लागतंय. नुसतं गार.’

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास बसा, मग बघू. आणि नर्सला घेऊन बाहेर गेले. थेंबेबाईंनी स्टूल बाकाशी ओढलं, गुडघ्यांवर कोपरं टेकली आणि त्या वर्तुळावर डोळे लावून बसल्या. लाल होतंय का? आत्ता होतं तेवढंच आहे की वाढलं? कडेला काही दिसतंय का? पापणी लवली की त्यांना वाटे, तेवढ्यात काहीतरी झालं असेल.

‘ताई,’ जाऊ शेवटी म्हणाली.

‘काय गं? झोंबलं?’ थेंबेबाई ताडकन उठल्या.

‘खाली बस आधी. आणि खिडकीबाहेर बघ जरा. तू अशी टक लावून बसलीस ना, तर नसलेली खाज सुटेल मला.’

थेंबेबाईंनी मान खिडकीकडं वळवली. डोळे काही वळले नाहीत.